मंदाताईंची खुर्ची

नोकरीत असताना मी लोकांच्या घरी जेवढा चहा प्यायले, तेवढा स्वतःच्या घरी आजवर प्यायले नसेन. आमचे हे म्हणायचे, "दुसऱ्यांची घरं बघण्याचा पगार मिळतो तुला. आपलं घर बघायला कुणाला नेमू?" ह्यांच्या विनोदाची जात ही अशी. पण कामाचं वर्णन अगदी बरोबर होतं. मी घरं बघत असे, बघून लिहीत असे, आणि त्या लिहिण्यावर त्या घराचं काय व्हायचं ते होत असे.

हुद्दा होता 'समूह संघटिका'. तो ऐकून निम्म्या लोकांना वाटे मी भजनी मंडळ चालवते. आता निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तेव्हा काम काय होतं ते एकदा सरळ सांगून टाकते. आपल्या शहरात नदीकाठची, रस्त्याच्या कडेची एखादी वस्ती हलवली की तिथल्या कुटुंबांना नवं घर देऊ असं सांगितलेलं असतं. घर लगेच तयार नसतं. ते होईपर्यंत ही माणसं हडपसर, धायरी अशा ठिकाणी भाड्याच्या खोल्या बघून राहतात, आणि त्या भाड्याचा काही भाग सरकार दरमहा त्यांच्या बँकेत भरतं. ही भाडेमदत. दर वर्षी घराची पाहणी होते. माणसं खरंच तिथे राहतात का, आणि मदतीची गरज असलेली आहेत का, या दोन प्रश्नांची उत्तरं नीट मिळाली तर मदत पुढे चालू राहते. आणि यातली मेख अशी की भाडेमदतीतून ज्याचं नाव गळलं, त्याचं नाव नव्या घरातूनही गळतं. वाचकांनी एवढं लक्षात ठेवावं. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

ज्यांना नवं घर मिळालं त्यांचीही माझ्यापासून सुटका नव्हती. घर आलं की घरपट्टी आली. कमी उत्पन्नाच्या, स्वतः त्या घरात राहणाऱ्या माणसांना घरपट्टीत सवलत असे, पण त्यासाठीही कुणीतरी जाऊन घर बघायला हवं. ते कुणीतरी म्हणजे मी.

धायरीला एका वसाहतीत रखमाबाई म्हणून होती. शाळेत झाडलोट करायची. उभं आयुष्य पत्र्याखाली गेलेलं, आणि उतारवयात तिसऱ्या मजल्यावरचं घर नावावर झालेलं. पहिली घरपट्टी आली तेव्हा तिने त्या कागदाला हळदकुंकू लावून तो देवांच्या फळीवर ठेवला होता. घरपट्टी आली म्हणून आनंद झालेलं माणूस मी पुण्यात तेवढं एकच पाहिलं. मी तिला म्हटलं, "रखमाबाई, तुम्हाला सवलत आहे. जवळजवळ अर्धीच भरावी लागेल."

ती माझ्याकडे संशयाने बघत राहिली. म्हणाली, "अर्धी भरली तर घर बी अर्धंच ऱ्हाईल न्हवं?"

मी समजावलं. घसा बसेपर्यंत समजावलं. तिचं आपलं एकच. "बाई, उद्या कुनी आलं आन् म्हनलं, तू अर्धीच भरलीस, चल अर्ध्या घरातनं ऊठ, तर मी काय करू? मला लई ठिकानावरनं उठीवलंय." शेवटी तिने कानातलं मोडून पुरी पट्टी भरली. पुढेही पुरीच भरत राहिली. ऑफिसात मी हा किस्सा सांगितला तेव्हा सगळे हसले. मीही हसले. सरकारने दिलेली गोष्ट सरकार परत नेतं हे तिला ठाऊक होतं आणि मला अजून कळायचं होतं, एवढाच आमच्यात फरक होता.

पाहणीचं सुद्धा एक शास्त्र असतं. सुरुवातीला आम्ही न सांगता जायचो, तेही स्वयंपाकाच्या वेळेला. घरात कुणी राहतं का हे कागदांवरून कळत नाही, चुलीपाशी कळतं. मिसळणाचा डबा उघडा असावा, कणकेचे हात असावेत, दोरीवर ओले कपडे असावेत. मग वरून आदेश निघाला की गरिबालाही मान असतो, तेव्हा पाहणीची तारीख आधी कळवावी. आदेश मला मनापासून पटला. कुणाच्याही घरात असं अचानक घुसायची मला लाजच वाटायची. आम्ही तारखा कळवायला लागलो आणि घरं बदलायला लागली.

हडपसरला बाजाराच्या मागे बैठ्या खोल्यांची एक रांग होती. आमच्या यादीतली पाच-सहा कुटुंबं तिथे भाड्याने राहायची. तारीख कळवून गेल्यावर पहिल्या खोलीत माझ्यासाठी निळी प्लॅस्टिकची खुर्ची मांडलेली. डाव्या हातावर उदबत्तीने पडलेलं भोक. बसले, चहा झाला, लिहून झालं. दुसऱ्या खोलीत गेले तर तिथेही निळी खुर्ची आणि डाव्या हातावर भोक. तिसऱ्या खोलीत तेच. मी पुढच्या दाराने निघून शेजारच्या दारात पोचेपर्यंत खुर्ची मागच्या दाराने माझ्या आधी पोचलेली असायची. स्टीलचे पेलेही तेच. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालून घेतात त्याचा हा फायदा. प्रत्येक घरात मी 'सौ. मंदा दि. काळे' यांच्या पेल्यातून चहा पीत होते.

या मंदाताई आमच्या यादीतल्या नव्हत्या. मूळच्या हडपसरच्याच. नवरा बाजारात हमाल, आणि रांगेतली कडेची खोली त्यांची स्वतःची. त्यांच्याकडे खुर्ची होती, टेबलफॅन होता, लहानसा टीव्ही होता, आणि यातलं काहीही मागितल्यावर नाही म्हणायची रीत त्यांच्या घरात नव्हती. मी एकदा त्यांना म्हटलं, "मंदाताई, तुमची खुर्ची फार फिरते हो."

"फिरू द्या की," त्या म्हणाल्या. "तिला काय पाय दुखत्यात?"

आता खुर्ची, पंखा, टीव्ही हे सगळं आमच्या पाहणीत लिहायचं असे. घरात काय आहे त्यावरून गरज ठरायची. जे दिसतं ते लिहायचं, असा नियम. मी पेल्यावरचं नाव वाचायची आणि पंखा 'नाही', टीव्ही 'नाही' असं लिहायची. खोटं लिहीत नव्हते. पण नियमानेही लिहीत नव्हते.

त्या रांगेत युसूफभाई पिंजारी राहत. ज्यांच्याबद्दल लिहायला मी बसले ते हेच, बाकी सगळी प्रस्तावना झाली. युसूफभाई आणि त्यांची बायको मेहरुन्निसा, सगळे तिला मेहरुनबी म्हणत. मूलबाळ नाही. तीन पिढ्या पुण्यात गाद्या भरण्याचं काम. जुना कापूस पिंजून मोकळा करायचा, नव्या खोळीत भरायचा, दाभणाने टाके घालायचे. पिंजायची लाकडी कमान त्यांच्या वडिलांची होती. ती भिंतीवर खुंटीला टांगलेली असे आणि खोलीत कायम कापसाचे तंतू उडत असत. नदीकाठची त्यांची वस्ती उठली तेव्हा घराची मोजणी झाली, नाव लागलं, आणि ते हडपसरला आले. "मॅडम, दोन वर्षं म्हणालेत ना साहेब? दोन वर्षं काय, अशी निघून जातील," असं ते मला पहिल्या भेटीत म्हणाले होते. मीही मान डोलावली होती.

वर्षं अशी निघून गेली खरी. घरं झाली नाहीत.

युसूफभाईंचा कारभार फार अदबीचा. मी दारात दिसले की उपरणं खांद्यावर टाकून उभे राहणार. खुर्ची आधी स्वतःच्या हाताने पुसणार. मेहरुनबी आतून ट्रेमध्ये पाण्याचा पेला आणणार, मग चहा, मग एखादं बिस्किट. दोघं उभी आणि मी बसलेली. "अहो, बसा ना तुम्ही," म्हटलं तर, "आम्ही बसलेलोच असतो मॅडम, तुम्ही कधीतरी येता." त्यांच्या खोलीतलं त्यांचं स्वतःचं काय, तर एक वातीचा स्टोव्ह, काळी पडलेली दोन पातेली, एक पत्र्याची ट्रंक, जुन्या गोधड्या, आणि ती कमान. जन्मभर दुसऱ्यांच्या गाद्या भरणाऱ्या माणसाच्या घरी स्वतःची गादी नव्हती.

मग एका वर्षी असं ठरलं की आमच्यासारख्यांची लोकांशी ओळख होते, हात सैल होतो, तेव्हा पाहणी बाहेरच्या माणसांनी करावी. बाहेरची माणसं आली. त्यांनीही तारीख कळवली होती. आणि 'मोठे साहेब येणार' म्हणून त्या वर्षी मंदाताईंनी खुर्ची, पंखा, टीव्ही असं सगळंच एकदम युसूफभाईंकडे धाडलं. साहेबांनी गार वाऱ्यात चहा घेतला, टीव्हीकडे बघितलं आणि दिसलं ते लिहिलं. पेल्यावरचं नाव वाचायची त्यांना सवय नव्हती. महिन्याभरात युसूफभाईंची मदत थांबली आणि फेरपाहणीचा हुकूम निघाला. त्याबरोबर माझ्याकडेही खुलासा मागितला गेला. इतकी वर्षं तुम्ही 'नाही' लिहिलंत, मग टीव्ही आला कुठून?

मी खरं ते सांगितलं. आमचे वरिष्ठ ऐकून म्हणाले, "म्हणजे गरीब माणूस श्रीमंत असल्याचं नाटक करतो म्हणता? नवीनच आहे. आम्ही आजवर उलटंच पाहिलं." सगळे हसले. माझ्या शब्दाची किंमत त्या दिवशी संपली हे मला खोलीतून बाहेर पडतानाच कळलं.

फेरपाहणीच्या आठवडाभर आधी मी युसूफभाईंकडे गेले. या वेळी मी खुर्चीवर बसले नाही. उंबऱ्यापाशी उभी राहूनच बोलले. म्हटलं, "युसूफभाई, नीट ऐका. ही शेवटची संधी आहे. मदत गेली तर नवं घर जाईल. दुसऱ्याची एकही वस्तू या खोलीत दिसता कामा नये. खुर्ची नको, पंखा नको, मंदाताईंचा पेलासुद्धा नको. जसं आहे तसं घर दिसू दे."

ते म्हणाले, "मॅडम, माझ्या बापानं या पुण्यात किती नवऱ्यामुलींच्या गाद्या भरल्या. आमच्या गादीवर मोठी मोठी माणसं बसली. आणि माझ्या घरी साहेब आला, तर त्याला उघड्या फरशीवर बसवू?"

"बसवा," मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं. "तुमची अब्रू नंतर बघू. आधी घर."

"बरं," ते म्हणाले. "तुम्ही म्हणता तर दुसऱ्याचं काही दिसणार नाही. वादा."

आतल्या बाजूला मेहरुनबी उभी होती. तेव्हा मी तिला विचारायला हवं होतं. मी घड्याळ बघितलं आणि निघाले, कारण मला घरपट्टीची आणखी दोन घरं बघायची होती.

फेरपाहणीला पाटसकर म्हणून अधिकारी आले. दुसऱ्या विभागातले. ओळख दाखवायला मला बरोबर घेतलं होतं. माणूस सभ्य. दाराबाहेर बूट काढले, मोजे काढले, आणि वाकून आत आले. युसूफभाई उपरणं टाकून उभेच होते. मी खोलीत पाऊल टाकलं आणि मला फिनेलचा वास आला. फरशी धुऊन लख्ख पुसलेली. भिंतीला चुना मारलेला. मध्यभागी एक नवी भरलेली गादी, तिच्यावर पांढरी चादर, सुरकुती नाही. बाकी खोलीत काही म्हणजे काही नव्हतं. स्टोव्ह नव्हता, ट्रंक नव्हती, दोरीवर कपडा नव्हता. खुंटीवरची कमानसुद्धा नव्हती. हवेत कापसाचा एक तंतू नव्हता.

"बसा साहेब," युसूफभाई म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद मावत नव्हता.

पाटसकर गादीच्या कडेला बसले. "किती जण राहता?"

"दोघं साहेब."

"स्वयंपाक कुठे करता?"

युसूफभाईंनी माझ्याकडे बघितलं. मेहरुनबीने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. त्या घरात मला पहिल्यांदाच चहा मिळाला नव्हता, आणि का मिळाला नव्हता ते मला त्या क्षणी कळलं. दुसऱ्याचं काही दिसता कामा नये असं मी सांगितलं होतं. ते त्यांनी पाळलं. पण खुर्ची नाही, पंखा नाही म्हटल्यावर जे उरलं ते साहेबासमोर ठेवायचं कसं? काळी पातेली, फाटक्या गोधड्या, काजळी चढलेला स्टोव्ह. म्हणून त्यांनी आपलंही सगळं उचललं आणि मंदाताईंकडे नेऊन ठेवलं. इतकी वर्षं मंदाताईंचं सामान त्यांच्या घरी येत होतं, त्या दिवशी त्यांचं मंदाताईंच्या घरी गेलं. पाहुण्याला निदान स्वच्छ खोली दिसावी.

"साहेब, सामान आहे," मी म्हटलं. "शेजारी आहे."

तेवढ्यात मंदाताईच दारात आल्या. "अवो सायेब, समदं माझ्या घरात हाय त्यांचं. चला की, दावते." त्यांनी पाटसकरांना जवळजवळ हाताला धरून नेलं. त्यांच्या कॉटखाली बोचकी होती, स्टोव्ह होता, ट्रंक होती. कमान दाराआड उभी करून ठेवलेली. पाटसकरांनी सगळं बघितलं. मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "मॅडम, गेल्या खेपेला त्यांच्या घरात टीव्ही, पंखा, खुर्ची होती. तुम्ही म्हणता ते शेजारणीचं. आज शेजारणीच्या घरात ही बोचकी आहेत. तुम्ही म्हणता ही त्यांची. उद्या ही बाई म्हणाली की ती खोलीच माझी आहे, तर मी काय लिहू?"

मला आजही त्यांचा राग येत नाही. त्यांच्या जागी मी असते आणि मंदाताईंचे पेले मला माहीत नसते, तर मीही तेच लिहिलं असतं. गेल्या खेपेला भरलेलं घर या खेपेला रिकामं, चूल नाही, कपडे नाहीत. याचा अर्थ कुटुंबाने दुसरीकडे घर केलं आहे आणि खोली फक्त दाखवायला ठेवली आहे. त्यांनी तसं लिहिलं.

ते गेल्यावर मी मेहरुनबीवर चिडले. "अहो, एक पातेलं तरी ठेवायचं होतं! एक गोधडी!"

ती भिंतीकडे बघत म्हणाली, "कशी ठेवू मॅडम? त्या गोधडीला मीच दिवसाउजेडी बघत नाही."

नाव काढण्याआधीची सुनावणी झाली ती बऱ्याच महिन्यांनी. युसूफभाई धुतलेले कपडे घालून आले होते. मी बरोबर होते. समोरच्या साहेबांनी विचारलं, "पाहणीच्या आधी सामान हलवलं होतं का?"

"हो साहेब."

"का?"

"साहेब येणार होते म्हणून."

मी मध्ये पडले. म्हटलं, "त्यांना म्हणायचंय की दाखवण्यासारखं नव्हतं, लाज वाटली." मला सांगण्यात आलं की तुम्ही क्षेत्रीय कर्मचारी आहात, अर्जदाराच्या वकील नव्हे. मी युसूफभाईंना म्हटलं, तुम्हीच सांगा, घरात फाटकं होतं, म्हणून लपवलं. एवढं एक वाक्य सांगा. त्या खोलीत चार अनोळखी माणसं बसली होती. युसूफभाईंनी उपरणं सारखं केलं आणि म्हणाले, "आमच्याकडे अल्लाच्या कृपेनं सगळं आहे साहेब."

सामान हलवल्याचं आणि घरात सगळं असल्याचं अर्जदाराने मान्य केलं, अशी नोंद झाली. दोन्ही गोष्टी त्यांनी मान्य केल्याच होत्या. बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "माफ करा मॅडम, नाही जमलं."

भाडेमदत बंद झाली ती झालीच. मी वर अर्ज केले, ओळखीच्या माणसांना भेटले, एका साहेबांच्या दाराबाहेर दुपारभर बसून राहिले. सगळे ऐकून घ्यायचे. सगळ्यांना वाईट वाटायचं. मग मला बाहेरच्या कामावरून काढून टेबलावर बसवलं, म्हणजे तेही दार बंद झालं. खोलीमालक काही महिने थांबला. त्याचंही चुकलं असं म्हणवत नाही. "चाचा, मी काय धर्मशाळा काढलीय का?" असं तो एके दिवशी म्हणाला आणि युसूफभाईंनी दुसऱ्याच दिवशी बिऱ्हाड उचललं. वाघोलीच्या पुढे एका अर्धवट इमारतीवर राखणदार हवा होता. राहायला पत्र्याची खोली फुकट. कमान खांद्यावर टाकून ते तिकडे गेले. तिथल्या मोठमोठ्या सोसायट्यांत गाद्या भरण्याचं काम मिळेल अशी त्यांना आशा होती. फाटकावरचा वॉचमन त्यांना आत सोडत नसे, आणि आत तरी कापसाच्या गादीवर कोण झोपत होतं?

पुढे त्यांच्या वस्तीची घरं झाली. किल्ल्या वाटायचा मोठा समारंभ झाला. नावं पुकारायचं काम माझ्याकडे होतं, कारण माणसं मला ओळखत होती. सगळ्यांची नावं मी पुकारली. युसूफभाईंचं नाव माझ्या तोंडात होतं आणि पुकारायचं नव्हतं. घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "झाला का गृहप्रवेश लोकांचा?" आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. इतक्या वर्षांत नोकरीपायी रडले ती एकदाच.

निवृत्तीनंतर मंदाताईंचा अधूनमधून फोन यायचा. "बाई, खुर्ची पडून हाय. आता त्या खोलीत नवं बिऱ्हाड आलंय, ते काय मागत न्हाई," असं काहीतरी सांगायच्या. एकदा फोन आला तो युसूफभाई गेल्याचा. दोन महिने होऊन गेले होते. त्यांनाही बाजारातल्या कुणाकडून तरी कळलं होतं.

मी बसने वाघोलीला गेले. विचारत विचारत ती इमारत सापडली. सांगाडा तसाच उभा होता, काम कधीचं थांबलेलं. खाली कोपऱ्यात पत्र्याची खोली. मेहरुनबी बाहेर भांडी घासत होती. मी न कळवता गेले होते, कळवणार कुठे?

तिने मला ओळखलं. हात धुतले, पदर सारखा केला आणि खोलीत गेली. लगेच बाहेर आली. दाराशी उभी राहून तिने उजवीकडे बघितलं, मग डावीकडे बघितलं. ती काय शोधते आहे ते मला कळलं. एका बाजूला रिकामी इमारत होती, दुसऱ्या बाजूला खांब रोवलेलं माळरान. शेजार नव्हताच.

"राहू दे मेहरुनबी," मी म्हटलं, आणि तिथेच पायरीवजा दगडावर बसले.

नवरा गेल्याचं तिने मला शांतपणे सांगितलं. ताप आला, उतरला, पुन्हा आला. शेवटपर्यंत घराचं पत्र आलं का विचारत होते. कमान विकली का, असं मी विचारलं. म्हणाली, "कोण घेणार? थंडीत जाळली." हे सगळं सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मग तिने काळ्या पातेल्यात चहा केला आणि एका साध्या पेल्यात माझ्या हातात दिला. पेल्यावर नाव नव्हतं. तो देताना मात्र तिचा चेहरा मोडला. "खुर्ची नाही मॅडम," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.

मी चहा संपवला. बरोबर आणलेली फळं आणि थोडे पैसे दिले. तिने फळं ठेवून घेतली आणि पैसे परत माझ्या पिशवीत टाकले. निघताना ती रस्त्यापर्यंत पोचवायला आली. बस दुरून दिसायला लागली तेव्हा म्हणाली, "मॅडम, पुढच्या टायमाला येताना आधी सांगून या हां. असं दगडावर बसवायला बरं नाही वाटत."

मी हो म्हटलं.